खिडकीचे पडदे: शोभा, सावली आणि उष्णता

उद्दिष्ट: हा पाठ वाचल्यावर विद्यार्थ्याला खिडकीची दिशा पाहून योग्य पडदा निवडता येईल, उष्णतेचा अंदाज काढता येईल आणि कापडाचा हिशोब करता येईल.

प्रस्तावना

तंजावरला नोकरीला आलो तेव्हा भाड्याच्या घरातील पश्चिमेची खोली आईला दिली. खिडकीला गडद तांबड्या मखमलीचे पडदे लावले. दिसायला उत्तम, पण दुपारी चारनंतर आईला त्या खोलीत बसवेना. पडद्याला हात लावला तर तो चांगलाच तापलेला. मी अभियांत्रिकी शिकवतो, तरी ही चूक केली. तिचे कारण समजून घेऊ.

मूळ तत्त्व

काच सूर्याचे लघुलहरी प्रारण आत सोडते. गडद पडदा ते शोषून तापतो आणि दीर्घलहरी प्रारण बाहेर टाकतो. ते मात्र काचेतून फारसे बाहेर जात नाही. म्हणजे उष्णता खोलीतच राहते. फिकट पडदा काही प्रकाश काचेतून परत पाठवतो, म्हणून तो बरा. सर्वांत चांगले म्हणजे ऊन काचेच्या बाहेरच अडवणे.

सूर्याची जागा

तंजावरचे अक्षांश सुमारे 10.8° उत्तर. त्यामुळे,

- 21 डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे सुमारे 56° उंचीवर असतो. 1.2 मीटर उंच खिडकी पूर्ण सावलीत ठेवायला सुमारे 0.8 मीटर छज्जा लागतो.
- 21 जूनला मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला, सुमारे 77° उंचीवर असतो. तेव्हा उत्तरेच्या खिडकीला सुमारे 0.3 मीटर छज्जा पुरतो.
- विषुवदिनी सौरवेळेनुसार दुपारी चारला सूर्य पश्चिमेला केवळ 29° वर असतो. आता छज्जा सुमारे 2.1 मीटर हवा! तो व्यवहार्य नाही. म्हणून पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांना उभी आडोशाची सोय, म्हणजे बाहेरून बांबूची चिक, हवी.

सोडवलेले उदाहरण

पश्चिमेची खिडकी 1.2 × 1.2 मीटर, क्षेत्रफळ 1.44 चौ. मी. उन्हाची तीव्रता 600 वॅट प्रति चौ. मी. धरू. आत येणारी उष्णता = क्षेत्रफळ × तीव्रता × सौर उष्णता गुणांक. (गुणांक केवळ उदाहरणासाठी धरलेले आहेत.)

- नुसती साधी काच (0.8): सुमारे 690 वॅट
- आतून फिकट पडदा (0.5): सुमारे 430 वॅट
- बाहेरून चिक (0.2): सुमारे 170 वॅट

पहिल्या स्थितीत खोलीत जवळजवळ एक इस्त्री सतत चालू ठेवल्यासारखे होते.

वाळ्याचे पडदे

विदर्भात उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारतात. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने वाफ होते आणि हवा गार होते. तंजावरची हवा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील, दमट. तेथे बाष्पीभवन मंद, म्हणून गारवा कमी. सुगंध मात्र मिळतो. येथे वारा खेळता ठेवणे अधिक महत्त्वाचे. इको निवास संहिता 2018 मध्येही उष्ण-दमट हवामानासाठी उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान 16.66 टक्के सांगितले आहे. जाड पडद्याने हा वाराच अडतो.

कापडाचा हिशोब

1.2 मीटर रुंद खिडकीसाठी दांडी दोन्ही बाजूंना 15 सेंमी जादा, म्हणजे 1.5 मीटर घ्यावी. चुण्यांसाठी दुप्पट रुंदी: 3 मीटर. कापडाचा पन्हा 1.2 मीटर असल्यास 2.5, म्हणजे 3 पट्टे. पडद्याची लांबी 1.5 मीटर आणि दुमडीसाठी 0.25 मीटर, एकूण 1.75. कापड = 3 × 1.75 = 5.25 मीटर. आक्रसणारे सुती कापड शिवण्यापूर्वी एकदा धुऊन घ्यावे.

सारांश

आधी दिशा, मग बाहेरची सावली, मग वारा आणि शेवटी रंग व नक्षी. आमच्याकडे आता बाहेर चिक आणि आत पांढरट पातळ सुती पडदा आहे. आई दुपारचे वाचन त्याच खोलीत करते.

स्वाध्याय

1. आपल्या गावाचे अक्षांश घेऊन 21 डिसेंबरच्या मध्यान्हीची सूर्याची उंची काढा (90° − अक्षांश − 23.5°).
2. आपल्या खोलीतील पश्चिमेच्या खिडकीसाठी वरील तीनही स्थितींची उष्णता काढा.
3. नागपूर आणि तंजावर येथे वाळ्याच्या ताटीचा परिणाम वेगळा का, ते सकारण लिहा.