परावर्तनरोधक काळ्या लेपाची निवड

दुर्बिणीच्या नळीच्या भिंतीवरून परावर्तित होणारा प्रकाश प्रतिमा फिकट करतो. म्हणून तिचा आतील पृष्ठभाग काळा व चकाकीरहित असावा लागतो. तथापि केवळ काळेपणा पुरेसा नसतो. समोरून काळाभोर दिसणारा गुळगुळीत लेपही अतितिरप्या कोनातून चकाकतो, आणि नळीत प्रकाश बहुधा तसाच पडतो. रंगात लाकडाचा बारीक भुसा मिसळल्यास पृष्ठभाग खडबडीत होऊन ही चकाकी घटते. मखमली कागद प्रकाश उत्तम शोषतो, परंतु त्याचे तंतू गळतात. काळे ॲनोडीकरण टिकाऊ असते. मात्र ते निकट-अवरक्त किरण अनेकदा परावर्तित करते. २०१४ मध्ये जाहीर झालेला कार्बन-नॅनोनलिकांचा ‘व्हँटाब्लॅक’ ९९.९ टक्क्यांहून अधिक प्रकाश शोषतो. पण तो स्पर्शाने बिघडतो. यास्तव आपाती कोन, तरंगलांबी व हाताळणी यांवरूनच लेप निवडणे इष्ट होय.