ताळेबंदात न मावणारा निर्माता

बँकेत कर्जाच्या अर्जांवर शेरे लिहिताना मी अर्जदारांचे मनातल्या मनात दोन गट करीत असे : हिशेब कळणारे आणि स्वप्ने पाहणारे. पहिल्यांना कर्ज मिळे, दुसऱ्यांना चहा. कॅनडातील चित्रपट-निर्माते बज क्रॉली यांना कोणत्या गटात घालायचे, हे मात्र मला आजही ठरवता येत नाही.

त्यांचा जन्म १९११ चा, ऑटावातला. शिक्षण हिशेबनिसाचे. १९३८ मध्ये पत्नी ज्युडिथसह मधुचंद्राला गेले ते सेंट लॉरेन्स नदीतल्या ऑर्लिअन्स बेटावर, आणि सोबत कॅमेरा! त्या हौशी लघुपटाला पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी नवरा-बायकोंनी 'क्रॉली फिल्म्स' काढली.

पोटासाठी कंपन्यांचे आणि सरकारी खात्यांचे माहितीपट करायचे आणि मनासाठी आपले चित्रपट, असा त्यांचा संसार चाले. ब्रिटिश कोलंबियातील आदिवासींचे मुखवटे वापरून केलेल्या 'द लून्स नेकलेस'ला १९४९ मध्ये, कॅनडाच्या पहिल्याच चित्रपट पुरस्कारांत, सर्वोच्च मान मिळाला. पुढे 'द लक ऑफ जिंजर कॉफी' (१९६४) आणि गायिका जॅनिस जॉप्लिनवरचा 'जॅनिस' (१९७४) आले.

मे १९७० मध्ये युइचिरो मिउरा हा जपानी वीर एव्हरेस्टच्या साउथ कोलखालून स्कीवर घसरत निघाला, पडला आणि तरीही वाचला. जपानी चमूने केलेले ते चित्रण क्रॉलींनी चित्रपटासाठी घेतले. निवेदन ज्युडिथनी लिहिले. 'द मॅन हू स्कीड डाउन एव्हरेस्ट'ला १९७६ मध्ये सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. कॅनडाच्या पूर्ण लांबीच्या माहितीपटाला मिळालेले ते पहिलेच.

पण त्याच मोहिमेत बर्फाचे कडे कोसळून सहा शेर्पा दगावले होते. चित्रपट ते लपवीत नाही. तरी टाळ्या वाजवताना ते सहा जण किती प्रेक्षकांना आठवले असतील? एकाच्या साहसाची किंमत दुसऱ्याच्या खात्यातून वळती झाली, तर ती नोंद कोणी करायची?

ऑस्करनंतर सहाच वर्षांनी, १९८२ मध्ये, कंपनी विकावी लागली. १९८७ मध्ये क्रॉली गेले. निव्वळ आकडे पाहिले तर कोणताही बँकवाला मान हलवील. पण ज्या देशाच्या पडद्यावर शेजारच्या हॉलिवूडचेच राज्य, तिथे चार दशके स्वतःचे चित्रपट काढत राहणे, ही जमा कोणत्या रकान्यात लिहायची, हे आम्हाला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवले नव्हते.