बंब येईपर्यंत

मार्चमधली टळटळीत दुपार, तोडणीला आलेला ऊस आणि वर लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा. वारा सुटला की तारा एकमेकींवर आपटतात आणि ठिणगी पाचटात पडते. पुढचं धाराशिव जिल्ह्यात, उमरगा तालुक्यातल्या मुरुमच्या शिवारात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. विठ्ठलसाई सहकारी साखर कारखाना इथलाच, त्यामुळं कित्येक घरांचा वर्षाचा हिशेब उसावर चालतो. फड पेटला की पहिली आरोळी एकच उठते, ‘बंब बोलवा!’

पण बंब यायचा कुठून?

याचं उत्तर राज्यघटनेत सापडतं. 1992 साली 73वी आणि 74वी घटनादुरुस्ती झाली. नगरपालिकांकडे सोपवायच्या 18 विषयांत अग्निशमन सेवा आहे. पंचायतींच्या 29 विषयांत ती नाही. मुरुमला नगर परिषद आहे. भोवतालची आलूर, बेळंब, केसरजवळगा ही गावं ग्रामपंचायतींची. या गावांना आग लागली तर जवळच्या पालिकेच्या किंवा कारखान्याच्या गाडीची वाट पाहायची. पालिकांची माणसं हद्द न पाहता धावून जातात हे खरं, पण ती व्यवस्था नव्हे, तो शेजारधर्म झाला. ही उणीव तीस वर्षांहून अधिक काळ तशीच राहावी, हा खेड्यांवर अन्याय आहे.

अग्निशमनाच्या राष्ट्रीय निकषानुसार शहरात गाडी पाच ते सात मिनिटांत पोचावी, ग्रामीण भागात वीस मिनिटांत. बंब उमरग्याहून यायचा तर मुरुमपर्यंतचं अंतर वीस किलोमीटरांच्या आसपास. भरलेली गाडी ताशी चाळीसच्या वेगानं निघाली तरी अर्धा तास गेलाच. त्यात पाणंद रस्ता, चिखल, बैलगाडीपुरती वाट. वाळक्या कडब्याच्या गंजीला जळायला इतका वेळ लागत नाही.

फोनचाही प्रवास लांबचा असतो. 101 हा अग्निशमनाचा जुना क्रमांक. आता महाराष्ट्रात 112 वर केलेला फोन आधी नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो आणि तिथून जिल्ह्याकडे येतो. तिथं बसलेल्या माणसाला ‘पाटलाच्या मळ्याजवळ’ म्हणून काही कळत नाही. गाव, तालुका, जिल्हा, जवळची ठळक खूण, आणि काय पेटलंय (ऊस, घर, की रोहित्र) एवढं नीट सांगितलं तर मिनिटं वाचतात. आगीजवळ वीज असेल तर 1912 वर महावितरणला कळवून आधी पुरवठा बंद करायचा. तारा जिवंत असताना पाणी मारणं म्हणजे जिवाशी खेळ.

बंब येण्याआधी जे विझतं, ते गावकरीच विझवतात. फवारणीचे ब्लोअर, पाण्याचे टँकर, ओला पाला, आणि सगळ्यात कामाचा ट्रॅक्टर: जळत्या फडापुढं नांगर घालून मोकळा पट्टा काढला की आग तिथंच अडते. जळालेला ऊस लवकर गाळपाला गेला नाही तर वजन आणि साखर दोन्ही उतरतात. म्हणून आग विझते न विझते तोच शेतकरी ऊसतोड टोळीच्या आणि कारखान्याच्या मागं लागतो. पंचनामा, विद्युत निरीक्षकाचा अहवाल, भरपाईचा अर्ज हे सगळं त्यानंतर.

मदत पोचेपर्यंतच्या अशा वेळेची या भागाला ओळख फार जुनी आहे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, गणेश विसर्जनाची रात्र सरत होती. 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. सरकारी आकड्यांनुसार 7,928 माणसं गेली. दगडमातीची जड माळवदं अंगावर आली होती. पहिल्या तासांत मातीतून माणसं काढली ती शेजाऱ्यांनी, फावड्यांनी आणि नुसत्या हातांनी.

आजही राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ पुण्याजवळ सुदुंबरे इथं, मुरुमपासून तीनशे किलोमीटरांहून लांब. सप्टेंबर 2025 मध्ये परंडा-भूम भागात पूर आला तेव्हा हे दल आलं आणि त्यानं माणसं वाचवली. पण तोवरचे तास लोकांनी छपरांवर काढले.

शिवारातला धोका केवळ उसाचा नाही. 1 जानेवारी 2023 रोजी बार्शी तालुक्यात पांगरीजवळच्या फटाका कारखान्यात स्फोट होऊन महिला कामगार दगावल्या. आपल्याच जिल्ह्यातलं वाशी तालुक्यातलं तेरखेडा फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे. दिवाळीची रोषणाई तिथल्या हातांतून येते. आणि अग्निशमन दल जवळ असूनही सगळं सुटत नाही. 18 मे 2025 च्या पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कापड कारखाना पेटला, आठ जणांचा जीव गेला.

पंधराव्या वित्त आयोगानं अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी देशभरात 5,000 कोटी रुपयांची तरतूद सुचवली. त्यातला वाटा मुरुमसारख्या ठिकाणी चोवीस तास माणसं असलेल्या केंद्रापर्यंत आणि भोवतालच्या चार-पाच खेड्यांसाठी एका लहान, पाणंदीत शिरणाऱ्या गाडीपर्यंत पोचायला हवा.

तोवर ग्रामसभेनं एवढं तरी करावं: पारावर 101, 112 आणि 1912 हे आकडे ठळक रंगवावेत, टँकर कुणाकडे आहे आणि ट्रॅक्टर कुणाकडे, हे त्याखाली लिहावं, आणि ऊस वाळायच्या आत तारांची तक्रार लेखी द्यावी.