न कळणारा चटका : ४४ अंश आणि सहा तास

भाजणं म्हटलं की आपल्याला उकळतं पाणी, तापलेला तवा किंवा चुलीतला जाळ आठवतो. पण जिच्यावर हात ठेवून आपण ‘छान ऊब आहे’ म्हणतो, ती गरम पाण्याची रबरी पिशवीसुद्धा रात्रभरात पाय खोलवर भाजू शकते. जपानमध्ये या प्रकाराला ‘कमी तापमानाचं भाजणं’ असं वेगळं नावच आहे. आपल्याकडे नाव नाही, म्हणून सावधपणाही कमी.

कातडी भाजते की नाही, हे दोन गोष्टींवर ठरतं : किती गरम आणि किती वेळ. १९४७ साली हार्वर्डच्या मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी डुकरांच्या आणि काही स्वयंसेवकांच्या कातडीवर प्रयोग करून याचा हिशोब मांडला. कातडीचं तापमान ६० अंश सेल्सिअस असेल तर सुमारे ५ सेकंदांत इजा होते. ४९ अंशांना साधारण १० मिनिटं लागतात. आणि ४४ अंशांना? सुमारे ६ तास. म्हणजे एक रात्रीची झोप. ४४ ते ५१ अंशांच्या दरम्यान दर एका अंशाला हा वेळ जवळपास निम्मा होत जातो.

असं का होतं? उष्णतेने पेशींमधली प्रथिनं बिघडतात आणि पेशी ती दुरुस्त करत राहतात. गळका रांजण डोळ्यांसमोर आणा. गळती कमी आणि वरून धार चालू असेल तर पाणी टिकतं. ४४ अंशांच्या आसपास गळती धारेपेक्षा जास्त होते आणि रांजण हळूहळू रिकामा होतो. त्यात वाहतं रक्त एरवी कातडीतली उष्णता पुढे घेऊन जातं. पण टाच पिशवीवर दाबून ठेवली तर तिथलं रक्त कमी होतं आणि उष्णता तिथेच साठते.

मग दुखत कसं नाही? उष्णता ओळखणारी एक घंटा आपल्या नसांच्या टोकांवर असते. मिरची झोंबते तीही हीच घंटा वाजल्यामुळे. ती शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. ही घंटा ४३ अंशांच्या आसपास वाजायला लागते, पण तिथे आवाज बारीक असतो. गाढ झोपेत, दारूच्या नशेत किंवा झोपेच्या गोळीनंतर तो ऐकूच येत नाही.

आणि काहींची घंटा आधीच बिघडलेली असते. बरीच वर्षं मधुमेह असला की तळपायांच्या नसा मंदावतात. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. याच नसांमुळे पाय गार पडल्यासारखेही वाटतात. म्हणजे ज्याला चटका कळत नाही, तोच रात्री पिशवी मागतो. खरी गोम इथे आहे.

आमचं धारूर बालाघाटाच्या डोंगरात. पौषात थंडी चांगलीच झोंबते. त्यातच दिवाळीनंतर तालुक्यातली कितीतरी घरं ऊसतोडीला बाहेर पडतात आणि मागे म्हातारी माणसं राहतात. रात्री पिशवी पायाशी घेतली, सकाळी टाचेवर फोड आला, तो दुखत नाही, बघणारं घरात कोणी नाही. असे आठ दिवस गेले की जखम चिघळते. मधुमेहात अशी जखम पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते.

म्हणून घरात काही नियम ठरवून टाका. पिशवीने अंथरूण तापवा आणि अंगावर घ्यायच्या वेळी ती काढून ठेवा. विजेच्या पॅडचं बटणही झोपण्याआधी बंद करा. पिशवीभोवती टॉवेल गुंडाळला तरी गोधडीखाली ती तासन् तास गरम राहते, त्यामुळे टॉवेल म्हणजे रात्रभराची परवानगी नव्हे. मधुमेही माणसाच्या पायांना शेक नकोच. लोकरीचे मोजे घाला आणि रोज सकाळी तळपाय बघा. स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा किंवा नातवंडं आहेतच.

बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी हाही याच हिशोबातला विषय. बाळाची कातडी पातळ असते आणि त्याला बाजूला सरकता येत नाही. बाळाला ऊब द्यायला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालणं सगळ्यात चांगलं. सिझेरियनसाठी पाठीत इंजेक्शन दिलेलं असेल तर पाय काही तास बधिर असतात; तेव्हा पायाशी गरम काहीही ठेवू नका. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कुणासाठीच नको. तिचा विषारी वायू वासानेही कळत नाही.

तरी भाजलंच तर? लगेच लक्षात आलं असेल तर जोडवी, पैंजण काढा आणि साध्या पाण्याची धार २० मिनिटं सोडा. नळाला पाणी नसेल तर तांब्याने संथ ओता. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई काही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापडाने सैल झाका.

सकाळी उठल्यावर दिसलं, तर तीन तासांच्या आत पाण्याचा थोडाफार उपयोग होतो. त्यानंतर फारसा नाही. तेव्हा डॉक्टरांना दाखवणं हाच उपाय. असं भाजणं वरून लहान दिसतं, पण आत खोल गेलेलं असू शकतं आणि खरी खोली कळायला काही दिवस लागतात. कातडी पांढरट, तपकिरी किंवा चामड्यासारखी कडक झाली असेल, स्पर्श कळत नसेल, किंवा माणूस मधुमेही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा, साखर तपासा. खोल जखमेला कधी कधी दुसरीकडची कातडी लावावी लागते.

‘दुखत नाही, म्हणजे काही झालं नाही’ हे वाक्य इथे उलटं वाचायचं. खोल भाजल्यावर दुखणं कळवणाऱ्या नसाही भाजलेल्या असतात. ऊसतोडीला गेलेल्यांनी घरी फोन केला की जेवणखाण विचारतातच. सोबत आणखी एक विचारा : ‘आज तळपाय बघितले का?’