गिअरपेटीचा मेंदू आणि समईची वात

समईतील तेल वातीतून वर चढते आणि टोकाशी जळते. त्यास वर ओढून नेणारे यंत्र समईत कोठेही नसते. कापसाच्या तंतूंमध्ये ज्या सूक्ष्म फटी असतात, त्यांच्या भिंतींना तेल चिकटते व तसेच पुढे सरकत जाते. फट जितकी अरुंद, तितके ते अधिक वर चढते. शास्त्रज्ञ ह्यास केशाकर्षण म्हणतात. विद्यार्थिमित्रांनो, ह्याच केशाकर्षणाने एका नामांकित मोटारीची गिअरपेटी कशी लुळी पडते आणि तिचा बिघडलेला भाग बदलताना कोणता विवेक ठेवावा लागतो, हे आम्ही येथे सांगणार आहोत. आम्ही स्वतः वाङ्मयाचे पदवीधर. तेव्हा यंत्रशास्त्राची परिभाषा शक्य तेवढी बाजूस ठेवू.

साध्या मोटारीत गिअर कधी बदलावा, हे चालक ठरवितो. ज्या मोटारीत हे काम मोटारच करते, तिला आपण ऑटोमॅटिक म्हणतो. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९३९ साली ‘हायड्रा-मॅटिक’ नावाची अशी गिअरपेटी ओल्ड्समोबील मोटारीसाठी बाजारात आणली. त्या काळी गिअर बदलण्याचा निर्णय तेलाच्या दाबावरच होत असे. दाबाच्या चढउताराप्रमाणे झडपा उघडत आणि मिटत. पुढे काही दशकांनी तो निर्णय एका लहानशा विद्युत्-यंत्राकडे आला. त्याचे नाव ट्रान्स्मिशन कंट्रोल मोड्यूल. त्यास गिअरपेटीचा मेंदू म्हणण्यास हरकत नाही. गाडीचा वेग किती, इंजिनावर भार किती, चालकाने पाय किती दाबला आहे, हे सारे क्षणोक्षणी जाणून घेऊन तो झडपांना आज्ञा करतो. अंगमेहनत मात्र अजूनही तेलच करते.

आता आपले उदाहरण घेऊ. जर्मनीतील मर्सिडीझ-बेंझ कंपनीने १९९६ साली पाच गिअरांची एक ऑटोमॅटिक गिअरपेटी प्रचारात आणली. ‘७२२.६’ हा तिचा क्रमांक. ती इतकी दणकट निघाली की जॅग्वार आणि क्रायस्लर ह्यांनीही ती आपल्या काही गाड्यांत वापरली. ह्याच मर्सिडीझ कंपनीने १९९४ साली पुण्यास आपला भारतीय व्यवसाय सुरू केला आणि १९९५ पासून तिच्या ई-वर्गाच्या मोटारी तेथे तयार होऊ लागल्या. त्यामुळे ह्या घराण्यातील जुन्या गाड्या आपल्याकडील रस्त्यांवरही दृष्टीस पडतात. ह्या गिअरपेटीच्या पोटात विजेवर चालणाऱ्या सहा झडपा आणि वेग मोजणारी दोन उपकरणे तेलात बुडालेली असतात. मेंदू मात्र दूर, इंजिनाच्या कप्प्यातील एका झाकणबंद डब्यात, कोरड्या जागी बसविलेला असतो. दोहोंमध्ये तारांचा एक जुडगा धावतो. तो गिअरपेटीला जेथे मिळतो, तेथे तेरा टोकांचा एक प्लग आहे आणि तेल बाहेर येऊ नये म्हणून त्या प्लगास रबरी कडी बसविलेले एक प्लॅस्टिकचे नळकांडे आहे. सगळी कथा ह्या नळकांड्याची आहे.

वर्षानुवर्षे उष्ण तेलात राहून ती रबरी कडी कडक होतात. मग थोडे थोडे तेल प्लगात शिरते. तांब्याची तार बाहेरून एकसंध दिसली, तरी आत ती केसासारख्या बारीक तारांची वळलेली असते, आणि त्या बारीक तारांमधील फटी म्हणजे वातीतील फटीच होत. तेल त्यांतून निघते आणि महिनोन् महिने हळूहळू वर सरकत अखेर मेंदूच्या डब्यात पोहोचते. तेल स्वतः विजेचे वाहक नव्हे. पण गिअरपेटीतील झिजलेल्या धातूचा सूक्ष्म चुरा त्यात मिसळलेला असतो. मेंदूकडे येणारे वेगाचे संदेश त्यामुळे बिघडतात. एखाद्या पत्रावर शाई सांडावी आणि वाचणाऱ्याने भलताच अर्थ काढावा, तशी अवस्था होते.

असा संशय येताच मेंदू एक शहाणपणाची गोष्ट करतो. गिअरपेटीस इजा होऊ नये म्हणून तो आहे त्याच गिअरात गाडी धरून ठेवतो. गाडी थांबवून, इंजिन बंद करून पुन्हा सुरू केली, की पुढे जाण्यास केवळ दुसरा गिअर आणि मागे जाण्याचा गिअर एवढेच उरतात. ह्यास ‘लिम्प मोड’ म्हणतात, म्हणजे लंगडी चाल. समजा, जुनी मर्सिडीझ लग्नसमारंभांस भाड्याने देऊन चरितार्थ चालविणारा कोणी गृहस्थ आमच्या गोमंतकातून चोर्ल्याच्या घाटाने बेळगावास निघाला आहे आणि वाटेत हा प्रकार झाला. घाट तो दुसऱ्या गिअरात कसाबसा चढेल. पण पुढील सपाट रस्त्यावर इंजिन आक्रोश करील आणि गाडी रेंगाळत राहील. मुहूर्त कोणासाठी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजात एक जण म्हणेल, गिअरपेटीच उतरवा. दुसरा म्हणेल, मोड्यूल गेले, नवे बसवा. दोन्ही सल्ल्यांत त्या गृहस्थाची एका हंगामाची कमाई जाण्याचा संभव आहे.

म्हणून आधी पाहावे, मग खर्च करावा. डबा उघडून मेंदूचा प्लग काढावा. टोकांवर तांबूस तेलाचा ओलावा दिसला, तर अपराधी कोण हे उघड झाले. तसा तो नसेल, तर मेंदूपर्यंत बॅटरीची वीज पुरेशी पोहोचते की नाही, फ्यूज शाबूत आहे की नाही, हे मीटर लावून तपासावे. गिअरपेटीतील वेग मोजणारी उपकरणेही कालांतराने निकामी होतात आणि तेव्हाही गाडी अशीच लंगडते. ह्या परापराधाबद्दल बिचाऱ्या मेंदूस काढून टाकल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. दोष कोठे नोंदला गेला आहे, हे निदानयंत्र जोडून वाचता येते. तथापि नोंद म्हणजे निकाल नव्हे. साक्षीदाराची जबानी जशी पारखून घ्यावी लागते, तशी तीही पारखावी लागते.

तेल सापडले, तर दुरुस्ती खालून सुरू करावी. बॅटरी सोडवावी, गाडी भक्कम आधारावर उचलावी, प्लगाचे कडे फिरवून तो बाहेर ओढावा, बारीक बोल्ट सोडवून जुने नळकांडे काढावे आणि नवे बसवावे. ह्या भागाची किंमत मोड्यूलच्या तुलनेने नगण्य असते. हे न करता नवे मोड्यूल बसविणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी घालणे होय. मग वरचे प्लग विद्युत्-जोडण्यांसाठी मिळणाऱ्या द्रावणाने धुऊन पूर्ण वाळवावेत. पुष्कळदा एवढ्यानेच जुना मेंदू शुद्धीवर येतो.

येत नसेल, तर मात्र तो बदलावा लागतो, आणि येथे पेचकसाचे काम थोडे व समजुतीचे अधिक. नव्या मोड्यूलचा क्रमांक जुन्याशी जुळला पाहिजे. शिवाय इंजिन कोणते, मागील आसाचे प्रमाण काय, हे त्यास निदानयंत्राद्वारे सांगावे लागते. नाही तर दुसऱ्याच गाडीच्या समजुतीने तो गिअर बदलू लागतो. गिअरपेटीतील क्लच किती झिजले आहेत, ह्याची जुन्या मेंदूने राखलेली जमाखर्चाची वही त्याच्याबरोबर जाते. नव्यास ती प्रथमपासून लिहावी लागते, म्हणून आरंभी गाडी थोडे हिसके देते. अशा वेळी घाबरून तिला पुन्हा गॅरेजात न नेता शांतपणे, कमी-अधिक वेगाने काही दिवस चालवावी. २००३ साली आलेल्या सात गिअरांच्या गिअरपेटीत तर मेंदू आतच तेलात बसविलेला आहे आणि चोरीच्या बंदोबस्तासाठी तो एकाच गाडीशी बांधलेला असतो. तेथे जुन्या बाजारातून आणलेला मेंदू सहसा चालत नाही. ह्या बाबतीत जुनी रचनाच गरिबाला अधिक सोयीची, असे आम्हांस वाटते.

शेवटी तेलाची पातळी पाहावी. ह्या गिअरपेटीस तेल मोजण्याची नळी आहे, पण मोजपट्टी दिलेली नाही. ती गॅरेजात वेगळी असते आणि तेल सुमारे ८० अंश सेल्सिअस तापले असताना माप घ्यावयाचे असते. शिवाय तारांत मुरलेले तेल नळकांडे बदलल्यानंतरही काही काळ झिरपत राहते. म्हणून आठ-दहा दिवसांनी मेंदूचा डबा पुन्हा उघडावा, प्लग पुसावा आणि आणखी काही दिवसांनी तेच करावे. टोके कोरडी राहू लागेपर्यंत हा क्रम सोडू नये.