वर्षभराची ढाल

इटलीत फुटबॉलचा विजेता संघ पुढचं वर्षभर जर्सीवर एक कापडी ढाल मिरवतो. तळहातापेक्षा लहान तुकडा, त्यावर हिरवा, पांढरा, लाल असे तीन उभे पट्टे. तिचं नाव ‘स्कुदेत्तो’, म्हणजे छोटी ढाल. विजेतेपदालाही तिथे हेच नाव पडलं आहे. आपल्याकडे पैलवानाने जिंकलेली गदा आयुष्यभर त्याच्या घरात राहते. ही ढाल पुढच्या वर्षी दुसरा कोणी जिंकला की छातीवरून उतरते. दहा विजेतेपदं झाली तरच जर्सीवर एक सोनेरी तारा चढतो आणि तो कायमचा राहतो. पहिला तारा १९५८ साली युव्हेंटसने लावला. जेनोआकडे नऊ विजेतेपदं आहेत. शंभर वर्षं उलटली, नऊच आहेत.

खरं तर सुरुवात जेनोआनेच केली. बंदराच्या या शहरातल्या इंग्रजांनी १८९३ मध्ये क्लब काढला, तोही आधी क्रिकेटसाठी. क्लबच्या नावात ‘क्रिकेट’ हा शब्द आजही आहे, क्रिकेट मात्र कधीच गेलं. जेम्स स्पेन्सली हा इंग्रज डॉक्टर तिथे आला आणि त्याने फुटबॉलचा नाद लावला. ८ मे १८९८ रोजी ट्यूरिनमध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. संघ चार, सामने तीन, सगळं एका दिवसात आटोपलं. अंतिम सामन्यात जादा वेळेत जेनोआने ट्यूरिनच्या इंटरनाझिओनालेला २-१ असं हरवलं. पहिल्या सातपैकी सहा विजेतेपदं जेनोआची.

मग वेर्चेल्लीची पाळी आली. ट्यूरिन आणि मिलान यांच्या मधलं हे छोटं गाव भाताचं. चहूकडे पाण्याने भरलेली खाचरं, गावाची पेठही तांदळाचीच. तिथल्या ‘प्रो वेर्चेल्ली’ने गावातली पोरं घेऊन १९०८ ते १९२२ या काळात सात वेळा देश जिंकला. पण खेळात पैसा शिरला आणि १९२३ मध्ये त्यांचा बचावपटू रोझेत्ता युव्हेंटसकडे गेला. त्यानंतर गावाला आठवं विजेतेपद काही मिळालं नाही.

जेनोआच्या हातातोंडाशी आलेला घास गेला तो १९२५ मध्ये. उत्तर विभागाच्या अंतिम फेरीत समोर बोलोन्या होता. दोन सामन्यांत निकाल लागेना, म्हणून तिसरा मिलानमध्ये ठेवला. जेनोआ २-० ने पुढे असताना बोलोन्याचा एक फटका आला. पंच मौरो यांनी कॉर्नर दिला. लगेच बोलोन्याचे समर्थक मैदानात घुसले आणि बराच वेळ पंचांना घेरून उभे राहिले. त्यांत काळे सदरे घातलेले फॅसिस्टही होते. शेवटी गोल दिला गेला. पुढे २-२ झाले आणि जेनोआने जादा वेळ खेळायला नकार दिला. समर्थक मैदानात घुसल्यामुळे नियमाने विजय जेनोआचा व्हायला हवा होता. महासंघाने चौथा सामना लावला. तोही बरोबरीत सुटला, आणि परतताना ट्यूरिनच्या स्टेशनवर जेनोआच्या लोकांवर पिस्तुलं झाडली गेली. पाचवा सामना ९ ऑगस्टला मिलानच्या वेशीवर ठेवला: सकाळी सात वाजता, बंद दाराआड, प्रेक्षकांशिवाय. बोलोन्याने तो २-० जिंकला. भर ऑगस्टात, पहाटे उठून, रिकाम्या मैदानात, दहाव्या विजेतेपदासाठी झालेला हा सामना मला इटालियन फुटबॉलचा सगळ्यात करुण सामना वाटतो.

सगळ्यांनी सगळ्यांशी दोनदा खेळायचं ही आजची ‘सेरी आ’ १९२९-३० मध्ये सुरू झाली. संघ अठरा होते. पहिली जिंकली मिलानच्या इंटरने, तीही बदललेल्या नावाने. ‘इंटरनाझिओनाले’ हे नाव फॅसिस्टांना खपत नव्हतं, म्हणून ते ‘अँब्रोझियाना’ झाले होते. मेआत्सा नावाच्या कोवळ्या पोराने त्या मोसमात ३१ गोल केले.

चाळीसच्या दशकात ट्यूरिनचं तोरिनो आलं. गडद लाल जर्सी आणि लागोपाठ पाच विजेतेपदं. संघ रेंगाळला की त्यांच्या फिलाडेल्फिया मैदानावर रेल्वेतला एक माणूस बिगुल फुंकायचा. कप्तान मात्सोला बाह्या वर सरकवायचा, आणि समोरच्यांना कळायचं की आता काही खरं नाही. ४ मे १९४९ रोजी लिस्बनहून परतताना त्यांचं विमान ढगांत ट्यूरिनजवळच्या सुपेर्गा टेकडीवरच्या चर्चला धडकलं. ३१ माणसं गेली, त्यांत १८ खेळाडू. उरलेले चार सामने तोरिनोची युवा पोरं खेळली, आणि प्रतिस्पर्ध्यांनीही आपली युवा पोरंच उतरवली.

पुढचा बराच इतिहास तिघांचा आहे. २०२५ पर्यंत १२१ विजेतेपदं दिली गेली. त्यांतली ७५ युव्हेंटस, इंटर आणि एसी मिलान यांनी वाटून घेतली. पंचांच्या नेमणुकीत ढवळाढवळ केल्याच्या २००६ च्या प्रकरणात युव्हेंटसची दोन काढून घेतली, त्यांना खालच्या श्रेणीत ढकललं, तरी २०१२ पासून त्यांनी सलग नऊ जिंकली. कौतुक आहे, पण नववं येईस्तोवर कंटाळा आला होता. (२०१४ मध्ये बालेवाडीत एफसी पुणे सिटीकडून खेळलेला त्रेझेगे त्यांचाच. २००१-०२ मध्ये २४ गोल करून तो सर्वाधिक गोल करणाऱ्या दोघांत होता.)

मन रमतं ते या तिघांच्या सत्तेतल्या फटींमध्ये. १९७० मध्ये सार्डिनिया बेटावरचं काल्यारी जिंकलं. ३० सामन्यांत त्यांच्यावर फक्त ११ गोल झाले. लोंबार्डीचा जिजी रिवा बेटावर आला, युव्हेंटसचं बोलावणं नाकारून तिथेच राहिला, तिथेच वारला. १९८५ मध्ये व्हेरोना जिंकलं. युव्हेंटसविरुद्धच्या सामन्यात डेन्मार्कचा एल्केअर बचावाला झुकांडी देऊन आत शिरला, बूट पायातून निसटला, आणि त्याने मोज्याच्या पायानेच गोल मारला. त्या मोसमात सामन्यांचे पंच चिठ्ठ्या टाकून ठरत होते. तो प्रयोग पुढच्या वर्षी बंद झाला. योगायोग असेल, पण इटलीत अशा योगायोगावर अजून वाद चालतो.

दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, माराडोनाने नेपल्सला पहिली ढाल मिळवून दिली. तेव्हा दफनभूमीच्या भिंतीवर कोणी रंगवलं होतं म्हणतात, तुम्हाला काय हुकलं ते कळणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी. १९९० मध्ये दुसरी आली, मग थेट ३३ वर्षांनी २०२३ ची. चौथी २३ मे २०२५ ला, शेवटच्या दिवशी, काल्यारीला हरवून आली. इंटर फक्त एका गुणाने मागे राहिला. त्याच्या बारा दिवस आधी जेनोआ नेपल्सला आलं होतं. दोनदा पिछाडीवर पडूनही त्यांनी २-२ बरोबरी साधली आणि यजमानांची झोप उडवून गेले. त्या मोसमात ते स्वतः तेरावे आले.