सोसणे, खपवून घेणे आणि सब्र

दहावीच्या वर्गात इंग्रजीची जोड-क्रियापदे शिकवत होते. इंग्रजीत त्यांना 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. साध्या क्रियापदाला 'अप', 'आउट', 'विथ' असे छोटे शब्द चिकटले की अर्थ पार बदलतो. 'पुट' म्हणजे ठेवणे. पण 'पुट अप विथ' म्हणजे नकोशी गोष्ट किंवा नकोसे वागणे सहन करणे. परीक्षेत एका शब्दात अर्थ विचारला, तर 'टॉलरेट' एवढे लिहून गुण मिळतात. मी मुलींना स्वतःच्या मनाने एकेक वाक्य लिहायला सांगितले.

कुणी डासांबद्दल लिहिले, कुणी शेजारच्या लग्नातल्या डीजेबद्दल, कुणी धाकट्या भावाच्या मस्तीबद्दल. एकीने लिहिले होते, 'माय मदर पुट अप विथ एव्हरीथिंग.' मी लाल पेनने 'पुट'ला 'एस' जोडला आणि वही परत केली. दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, माझं वाक्य चुकलं नव्हतं. मी भूतकाळच लिहिला होता. अम्मी आता सहन नाही करत. आम्ही नानीकडे राहतो."

'पुट'चा भूतकाळही 'पुट'च होतो. 'एस' असला तर सोसणे आजही चालू आहे, नसला तर ते संपले. एका अक्षराने मी त्या बाईला पुन्हा त्याच घरात नेऊन बसवले होते. मी 'एस' खोडला. पण तेव्हापासून हा शब्द मनातून जात नाही. आपण घरोघरी मुलींना, सुनांना, कधी मुलांनाही 'सहन कर' म्हणतो. पण नेमके काय करायला सांगतो?

एक अर्थ, अनेक छटा

इंग्रजीत सहन करण्याला पाच-सहा शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी सरसकट बसत नाहीत.

'बेअर' म्हणजे मुळात वाहणे, ओझे उचलणे. दुःख, खर्च, जबाबदारी यांसाठी तो शब्द येतो. बाळाला जन्म देणे यासाठीही हेच क्रियापद आहे. 'बॉर्न' हा शब्द त्यातूनच आला. 'एन्ड्युअर'च्या मुळाशी लॅटिनमधला 'कठीण' या अर्थाचा शब्द आहे. दीर्घ आजार, तुरुंगवास, युद्ध यांत माणूस न मोडता टिकून राहतो, तिथे हा शब्द शोभतो. 'स्टँड' या अर्थाने बहुधा नकारातच येतो: मला हे सहनच होत नाही. 'स्टमक' म्हणजे पोट. क्रियापद म्हणून वापरले की अर्थ होतो गळी उतरणे, आणि तेही बहुधा नकारातच.

'टॉलरेट' थोडा कोरडा, कार्यालयीन शब्द आहे. त्याच्या पोटात मर्यादा दडलेली आहे. कारखान्यात यंत्राच्या सुट्या भागाच्या मापात किती फरक चालेल, त्याला 'टॉलरन्स' म्हणतात. त्यापलीकडे फरक गेला की तो भाग बाद होतो.

या सगळ्यांत 'पुट अप विथ' हा रोजच्या बोलण्यातला शब्द. आवाज, उकाडा, उशिरा येणारी बस, कुणाचा चिडका स्वभाव यांसाठी तो सहज येतो. मला हे आवडत नाही, पटलेलेही नाही, पण तूर्त चालवून घेते, हा त्याचा भाव. म्हणजे सहन करणाऱ्याने त्या गोष्टीला मान्यता दिलेली नाही, हे या शब्दातच आहे. आपण मात्र गप्प बसलेल्या माणसाला सगळे मान्य आहे असे धरून चालतो.

आपली मराठीही यात श्रीमंत आहे. सालनात मीठ कमी पडले, घर लहान आहे, तिथे आपण चालवून घेतो. कळा आणि उन्हातान्हाचे कष्ट सोसतो. धाकट्याचा अपराध पोटात घालतो. तिथे पोट इंग्रजीसारखे नाही म्हणत नाही, माफ करते. पैशाची ओढाताण असली तरी दोघे मिळून संसार निभावून नेतात. आणि कुणाचे गैरवर्तन दिसत असूनही त्याला अडवले नाही, तर ते खपवून घेतले असे होते. म्हणूनच 'खपवून घेणार नाही' हे वाक्य जितके ऐकू येते, तितके 'खपवून घेईन' ऐकू येत नाही. खपवून घेणे ही काही अभिमानाने सांगायची गोष्ट नव्हे.

बर्दाश्त आणि बडदास्त

आपल्या घरांत याला 'बर्दाश्त' म्हणतात. हा शब्द फारसी. 'बर' म्हणजे वर आणि 'दाश्त' म्हणजे धरणे. वर उचलून धरणे. गंमत अशी की हाच शब्द मराठीत येऊन 'बडदास्त' झाला आणि त्याचा अर्थ झाला पाहुण्यांची सरबराई. इंग्रजीतही असेच झाले आहे. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, पण नुसते 'पुट अप' म्हणजे पाहुण्याला रात्रीपुरते घरात ठेवून घेणे!

दोन दूरच्या भाषांत आसरा देणे आणि सहन करणे असे शेजारी बसले आहेत. चार माणसे एका छताखाली राहायची तर थोडे सोसणे आलेच. सासूबाईंचा पहाटेचा खोकला, दिराचा मोठ्या आवाजातला टीव्ही, सुनेचे लांबलेले फोन, नवऱ्याचे घोरणे हे सारे 'पुट अप विथ'मध्ये बसते. आपणही कुणाला तरी सोसावे लागतच असतो, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. प्रत्येक कुरबुरीला जुलूम म्हटले, तर खरा जुलूम ओळखायला शब्दच उरणार नाही.

सब्र म्हणजे काय नव्हे

अडचण होते ती 'सब्र' या शब्दाशी. माहेरी आलेल्या मुलीला आपण चटकन सांगतो, "बेटा, सब्र कर." अरबीत सब्रचा मूळ अर्थ आवरून धरणे, रोखणे असा आहे. संकटात जिभेला तक्रारीपासून, मनाला निराशेपासून आणि हाताला अविचारापासून रोखणे. म्हणजे सब्र माणूस स्वतःवर करतो. खपवून घेतो तो दुसऱ्याचा दोष. एकात ताकद लागते, दुसऱ्यात बहुधा भीती असते.

प्रेषित अय्यूब (अ.) यांच्या सब्राची आठवण आपण काढतो. इंग्रजीत त्यांना 'जोब' म्हणतात आणि त्यांच्या धीराचा वाक्प्रचारही तिथे आहे. पण त्यांची परीक्षा आजाराची आणि हानीची होती. रोज हात उगारणाऱ्या माणसाची नव्हती. सूरह अल-अस्र अवघ्या तीन आयतींची. तिच्यात एकमेकांना सब्राची ताकीद देण्याआधी हक्काची, म्हणजे सत्याची, ताकीद आहे. आपण मुलीला दुसरी ताकीद देतो आणि पहिली विसरतो.

देशाच्या कायद्यानेही इथे रेघ ओढली आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा 2005 चा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. तो केवळ मारहाणीचा विचार करत नाही. सततचा अपमान, धमक्या, खर्चाला पैसे न देणे हेही त्यात येते. इंग्रजीत सांगायचे तर, इथे 'टॉलरन्स'ची मर्यादा संपते.

सल्ला देण्याआधी

म्हणून मुलीचा फोन आला आणि तिचा आवाज जड वाटला, तर 'सहन कर' म्हणण्याआधी तिचे पूर्ण ऐकावे. काय घडते, किती वेळा घडते, मुलांसमोर घडते का, तिला भीती वाटते का, हे विचारावे. मग आपणच ठरवावे की हे चालवून घेण्यासारखे आहे, दोघांनी मिळून निभावण्यासारखे आहे, की मुळीच खपवून न घेण्यासारखे आहे. शेवटच्या प्रकाराला सब्र हे नाव देऊ नये. आणि ती परत आलीच, तर तिची बडदास्त ठेवावी. तिला बर्दाश्त करतो आहोत असे वागू नये.

त्या मुलीच्या नानीने नेमके हेच केले होते. मी आता वर्गात 'पुट अप विथ' शिकवताना 'टॉलरेट'वर थांबत नाही. फळ्यावर मराठीचे पाचही शब्द लिहिते आणि मुलींना विचारते, डासांसाठी कोणता आणि अन्यायासाठी कोणता? त्यांची उत्तरे क्वचितच चुकतात.